रेक्सचं औषध

माझ्या नातवाच्या कुत्र्याला कच्चं मांस लागतं. लागतं म्हणजे काय, घालतात. दादरच्या त्यांच्या घरी फ्रीजच्या वरच्या कप्प्यातून बर्फाचा ट्रे कधीच हद्दपार झाला. आता तिथे डबे असतात, प्रत्येक डब्यावर वाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी. कोंबडीच्या माना, बोकडाचं काळीज, आणखी काय काय. नातू मला समजावतो, "आजी, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा गं. त्याचे पूर्वज जे खायचे तेच त्याला पचतं. पोळी-भात आपण लादलाय त्याच्यावर." त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, हे सगळं फॅड आहे, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या उष्ट्यावर जगलेला प्राणी तो, त्यात लांडगा राहिलाय कुठे? मग दोघं मोबाइल काढून एकमेकांना लेख दाखवत तासभर भांडतात. माझी सून मधूनच म्हणते, "आई, तुम्ही सांगा ना काहीतरी." मी काही सांगत नाही. कुत्र्याच्या जेवणाबद्दल मी आयुष्यात एकदाच तोंड उघडलं, सोळाव्या वर्षी, आणि त्याने एक घर मोडलं. आतापर्यंतच्या प्रकरणांत शाळा आली, गणपती आले, आईची आजारपणं आली. हे तेवढं मी मागे मागे ढकलत राहिले. आता ढकलायला पुढे फारशी जागा उरलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही फणसवाडीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, मागे गॅलरी, गॅलरीच्या टोकाला मोरी. माणसं चार: अप्पा, आई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा दादा आणि मी. अप्पा फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क. आमचं घर आईच्या भांड्यांनी जागं व्हायचं. आई स्वतः फार बोलायची नाही, तिची भांडी बोलायची. पातेलं आपटलं तर दूध पाणचट आलंय, पळी आपटली तर अप्पांशी काहीतरी बिनसलंय, हे आम्ही अंथरुणातूनच ओळखायचो. खाली नळाशी बादल्यांचा खणखणाट, शेजारच्या रेडिओवर भजन, आणि त्यातच अप्पांच्या पूजेची घंटा. जेवायला साधं वरण, भात, लिंबाची फोड, वर तुपाची धार. रविवारी वालाचं बिरडं नाहीतर अळूचं फदफदं. अप्पा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, शिताचे ते चार-पाच दाणे ताटाच्या उजव्या अंगाला मांडून झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. कांदा-लसूण एरवी चालायचा, चातुर्मासात तोही बंद. अंडं म्हणाल तर ते आमच्या घरात फक्त माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं, तेही बेडकाच्या धड्यात.

अशा घरात रेक्स आला. अप्पांच्या साहेबांची कलकत्त्याला बदली झाली आणि त्यांनी सहज विचारलं, कुत्रा नेता का? अप्पांनी जन्मात साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी ते घरी आले ते टोपी वाकडी, धोतराला पंज्यांची माती आणि हातातल्या साखळीला हा एवढा थोरला अल्सेशियन. आई दारातच थिजली. "अहो, हे काय आणलंत?" "साहेबांचा आहे." "म्हणजे परत द्यायचाय ना?" अप्पांनी साखळी दाराच्या कडीला अडकवली, तेव्हा आईने आत जाऊन पळी आपटली. पुढे ती त्याला रेक्या म्हणू लागली आणि गुपचूप त्याला सायही घालू लागली, ते वेगळं. साहेबांनी बरोबर इंग्रजीत एक चिठ्ठी दिली होती: दोन वेळा कच्चं मटण, आठवड्यातून एकदा हाड. अप्पांनी चिठ्ठी वाचली, नीट घडी केली, पंचांगात ठेवली आणि जाहीर केलं, "आमच्या घरात राहायचं तर आमचं खायचं."

दोन दिवस रेक्सने दहीभाताला तोंड लावलं नाही. नुसता हुंगायचा आणि आमच्याकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी खाल्लं. न खाऊन सांगतो कुणाला? अप्पांना कोण आनंद झाला! "बघितलंत? सगळा संस्कारांचा प्रश्न आहे." चित्राहुती होईपर्यंत रेक्स थाळीपुढे गप्प बसून राहायला शिकला, तेव्हा तर वाडीतली माणसं मुद्दाम बघायला येऊ लागली. कुणी म्हणालं, "अप्पा, पण ह्याचे पूर्वज मांस खाणारे हो," की अप्पा तयारच असायचे: "पूर्वज! माझेही पूर्वज कधीकाळी गुहेत बसून कच्चं मांस खात असतील. म्हणून मी आता जाऊ गुहेत?" यावर हशा व्हायचा. मीही हसायचे. रेक्स माझा होता. मी अभ्यासाला बसले की तो टेबलाखाली शिरायचा, मी त्याच्या पाठीवर पाय ठेवून पाढे काय, प्रमेयं काय, सगळं त्याला म्हणून दाखवायचे. माझ्या इतक्या हक्काचं त्या घरात दुसरं काही नव्हतं.

वहिनी आली ती रेक्सनंतर दोन वर्षांनी. दादाचं प्रेम जमलं टायपिंगच्या क्लासात. मुलगी चिंचपोकळीची, मूळ मालवणकडची, वडील गिरणीत. अप्पा तीन महिने दादाशी बोलले नाहीत. मग एका गुरुवारी पूजा आटोपून बाहेर आले आणि म्हणाले, "मुलगी चांगली आहे असं ऐकतो. हरकत नाही. पण आमच्या घरात राहायचं तर आमचं खायचं. घरात आणि घराबाहेरही." हेच वाक्य त्यांनी कुत्र्यालाही ऐकवलं होतं हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. दादाने मान डोलावली. तिला विचारायला तो चिंचपोकळीला गेला, की न विचारताच डोलावली, ते देव जाणे. माहेरची ती शेवंती. अप्पांनी लग्नात नाव ठेवलं सुनीती.

आणि तिने खरोखर सगळं सोडलं. सहा महिन्यांत तिची आमटी आईच्या आमटीपेक्षा चांगली व्हायला लागली, इतकी की अप्पा दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे आणि आई तोंड फिरवायची. दुपारी गॅलरीत तांदूळ निवडताना ती मला हळू आवाजात सांगायची, तिच्या आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या, पावसाळ्यात भाजलेला सुका बोंबील आणि पेज. "तोंडाला पाणी सुटलं बघ," म्हणून स्वतःच हसायची. "तुझा दादा काय कमी होता? आमच्याकडे आला की बांगड्याचं डोकं चोखून खायचा. माझी आई म्हणायची, ह्यो भटाचो झील दिसत नाय." भटाचो झील म्हणजे ब्राह्मणाचा मुलगा. मी तोंडावर हात ठेवून हसायचे. दादा घरात मात्र वरणभातावरून नजर वर काढायचा नाही. ती माहेरी जाऊन आली की आई आधी तिला मोरीत पाठवायची, न्हाऊन मगच स्वयंपाकघरात. पुढे पुढे अप्पा म्हणू लागले, सारखं कशाला जायचं माहेरी? तशी ती जायचीही कमी झाली.

मग रेक्स आजारी पडला. केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळायला लागले, मागचे पाय लटपटायला लागले, जिना उतरायचा म्हटलं की तो वरच्याच पायरीवर बसून कण्हायचा. अप्पा आणि दादा त्याला टॅक्सीत घालून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, मीही हट्टाने गेले. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी रेक्सच्या हिरड्या बघितल्या, फासळ्या चाचपल्या. "काय घालता?" "दहीभात. कधी वरणभात, पोळी," अप्पा म्हणाले. "आणि?" "आणि काय?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, कुत्रा आहे हा. लांडग्याची औलाद. ह्याचे बापजादे काय खात होते त्याचा जरा विचार करा की. कच्चं नसेल घालवत तर उकडून घाला, पण खिमा घाला. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत हा जाईल." त्यातच साहेबांचं कलकत्त्याहून पत्र आलं, रेक्स कसा आहे, एखादा फोटो पाठवा. आता बोला!

दोन दिवसांनी जेवताना अप्पांनी निकाल दिला. मला तो शब्दन् शब्द आठवतो. "जातिस्वभाव आहे. त्याची जातच मांस खाण्याची, त्याला बिचाऱ्याला काय दोष? आपल्या हट्टापायी मुक्या जिवाला मारणं हे पाप आहे." कच्चं घरात यायचं नाही. मागच्या गॅलरीत वेगळा स्टो, वेगळं पातेलं, तिथेच शिजवायचं, तिथेच घालायचं. आई म्हणाली, "मी मेले तरी हात लावणार नाही." अप्पा आमटीचा भुरका घेऊन, कुणाकडेही न बघता म्हणाले, "सुनीतीला येतं." वहिनी वाढत होती. तिच्या हातातली वाटी क्षणभर थांबली, मग तिने आमटी वाढली.

खिमा हा शब्द आईच्या जिभेवर येईना, म्हणून ती त्याला औषध म्हणायला लागली. "रेक्याचं औषध आणलंस का रे?" असं ती दादाला विचारायची. दादा खाटकाकडून ते औषध पत्र्याच्या डब्यात आणायचा, डब्यावर कोथिंबिरीची जुडी, वर कापडी पिशवी, आणि यायचं मागच्या जिन्याने. सगळ्या वाडीला ठाऊक होतं, पण कोथिंबीर होती ना वर! वहिनी गॅलरीत उकिडवी बसून ते शिजवायची. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, रॉकेलचा धूर. शिजवून झालं की तिने मोरीत डोक्यावरून आंघोळ करायची, मग आत यायचं. महिन्याभरात रेक्सला नवी लव फुटली, पाय सावरले, आणि तो माझ्या टेबलाखालून उठून गॅलरीत तिच्याजवळ जाऊन बसायला लागला. मी हाक मारली की शेपूट हलवायचा, पण उठायचा नाही. ते मला फार लागलं. आज सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा त्या बाईचा राग यायला लागला होता.

त्या सुमाराला तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यातच ती पांढरी पडली, जिना चढून आली की कठडा धरून उभी राहायची. आई तिला सूतिकागृहात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी बरोबर होते. बाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, खात असाल तर अंडी, मासे, मटणाचं सूप द्या. आई म्हणाली, "आम्ही नाही खात." आम्ही! वहिनी आईच्या शेजारीच बसली होती. तिने नुसता पदर सारखा केला. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या. आईने डिंकाचे लाडू केले, बीट किसून घातलं, पालकाचा रस काढला. आईने काही कमी केलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एकदा वहिनीने धीर करून विचारलं, "आई, नुसती सुकटीची चटणी... गॅलरीतच बसून खाईन," तर आईने काय उत्तर द्यावं? "अगं, लोक काय म्हणतील!" गॅलरीत त्याच वेळी रेक्सचं औषध रटरटत होतं.

सातव्या महिन्यात तिची आई तिला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. विहीणबाईंनी करंज्यांचा डबा आणला होता, त्या दाराजवळच सतरंजीच्या कडेला बसल्या. अप्पा म्हणाले, "बाळंतपण इथेच होईल. तिकडे नेलंत की काय खायला घालाल ते ठाऊक आहे मला." त्या बाई म्हणाल्या, "पोरीचो चेरो तरी बगा हो तुमी." चेरो म्हणजे चेहरा. कुणी बघितला नाही. त्या पाणीसुद्धा न पिता उठल्या. करंज्यांचा डबा आईने खालच्या रामागड्याला देऊन टाकला.

पुढे आठ-दहा दिवसांनी शाळा लवकर सुटली. आई आत निजली होती. मी पाणी प्यायला मागे गेले तर गॅलरीत वहिनी माझ्याकडे पाठ करून बसलेली, पुढ्यात पातेलं, पलीकडे रेक्स. ती एक घास त्याच्या थाळीत टाकत होती आणि एक स्वतःच्या तोंडात. एक त्याला, एक तिला. आणि तो हावरट कुत्रा आपली पाळी येईपर्यंत शहाण्यासारखा थांबत होता. माझी चाहूल लागली तशी ती वळली. तोंडात घास होता, तो तिने गिळला, डोळे गच्च मिटून, कडू काढा गिळतात तसा. मग म्हणाली, "कुणाला सांगू नको हं. बाळ हलेनासं झालंय गं दोन दिवस. मला भीती वाटते." मी म्हटलं, "नाही सांगणार." म्हटलं ते मनापासून म्हटलं. तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवायला वर आला, पण हाताला खिमा लागला होता म्हणून तिने तो मागे घेतला.

मी आठ दिवस गप्प राहिले. मग रविवार आला. दुपारची पानं मांडलेली, वालाचं बिरडं होतं, अप्पा खुशीत होते. रेक्स वहिनीच्या पाटाला टेकून बसला होता. मी त्याला हाक मारली. आला नाही. पुन्हा मारली. त्याने कानसुद्धा हलवला नाही. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा अप्पा मोठ्याने हसले. "बघ, तुझं प्रेम आणि त्याचं पोट! जो घास देतो त्याच्यामागे जाणार तो." दादाही हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "जाणारच. दोघं एकाच पातेल्यात जेवतात."

"म्हणजे?" आईने विचारलं. इथे मला थांबता आलं असतं. गंमत केली म्हणाले असते तर विषय मिटला असता. पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर लागले होते आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? मी सांगितलं, "रेक्सचं औषध वहिनी खातात. मी बघितलं. मिटक्या मारत खात होत्या."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "सुनीती, खरं आहे हे?" वहिनी म्हणाली, "हो." आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, कुत्र्याच्या पातेल्यातलं!" अप्पा ओरडले नाहीत. अप्पा कधीच ओरडायचे नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. दोन वर्षं आम्ही काय शिकवलं? शेवटी जात दाखवलीसच." रेक्सच्या बाबतीत हाच शब्द त्यांनी किती मायेने उच्चारला होता! मग म्हणाले, "उठ. देवासमोर नाक घासून सांग, पुन्हा असं होणार नाही. मग पुढचं बघू."

वहिनीने दादाकडे पाहिलं. आम्ही सगळेच दादाकडे पाहत होतो. बांगड्याचं डोकं चोखणारा माझा भाऊ आधीच कालवलेला भात पुन्हा कालवत बसला होता. तिने बराच वेळ वाट बघितली. दादा ब्र काढेल, निदान मान वर करेल, म्हणून. मग ती पाटाला हात टेकून, पोट सावरत उठली, आणि आमच्या घरात कधी न बोललेल्या भाषेत बोलली. "कुत्र्याक काय व्हया ता तुमी डाक्टराक जावन इचारलात. माका कोणी इचारल्यान?" कुत्र्याला काय हवं ते डॉक्टरला विचारलंत, मला विचारलं कुणी? अप्पा, आई मध्येच बोलली म्हणून, आईवरच खेकसले, आणि आई काही बोललीच नव्हती.

नाक तिने घासलं नाही. तीन वाजेपर्यंत तिची पिशवी भरून झाली. फारसं काही नव्हतंच. दादा पिशवी घेऊन पुढे झाला तेव्हा मला वाटलं, चला, हाही जातो आहे. तो वाडीच्या तोंडाशी गेला, टॅक्सी थांबवली, तिला बसवलं आणि परत आला. चप्पल काढली, पाय धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. निघताना ती माझ्यासमोर क्षणभर उभी राहिली होती. मला वाटलं, आता शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं: "मिटक्या कधी मारल्या गं मी?"

ती परत आली नाही. चिंचपोकळीला तिला मुलगी झाली, धडधाकट. दादा पुढे कित्येक वर्षं रविवारी "मित्राकडे जाऊन येतो" म्हणून जायचा आणि संध्याकाळी बडीशेप चघळत घरी यायचा. आई बडीशेपेचा वास घ्यायची आणि काही म्हणायची नाही. घर दोन ठिकाणी ठेवून दादा जन्मभर असा मधल्या मध्ये जगला आणि तसाच गेला. अप्पा शेवटपर्यंत म्हणायचे की त्यांनी कुणाला घालवलं नाही, ती आपल्या पायाने गेली. मी लग्न ठरल्यावर एकदा चिंचपोकळीला गेले होते, माफी मागायची असं घोकत. ती टाइपिस्टची नोकरी करून नुकतीच घरी आली होती. तिने चहा केला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची चौकशी केली, रेक्स कसा गेला ते विचारलं, मुलीला "आत्या आली बघ" म्हणून पाया पडायला लावलं. माफीसाठी कुठे फटच ठेवली नाही तिने. मी चहा पिऊन परत आले. आज लोक मला म्हणतात, सोळा वर्षांची पोर होतीस, कळत नव्हतं तुला. कळत होतं. खाल्लं हे सांगितलं ते रागाने, पण मिटक्या मी समजून उमजून घातल्या होत्या.

त्या रविवारी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चार वाजले, पाच वाजले. चहा झाला. रेक्स दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन थंड स्टो हुंगायचा आणि परत यायचा. दादाने सकाळी आणलेला खिमा डब्यात तसाच पडून होता, त्याला वास यायला लागला असता. सातव्या महिन्यातली सून घरातून निघून गेल्यावर माझ्या वडिलांनी जे पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "आता ह्याचं औषध कोण करणार?" आई माझ्याकडे बघायला लागली. दादा आतून बाहेर आला नाही. मी उठले.

मी कधी स्टोसुद्धा पेटवला नव्हता. आई गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आली, पुढे नाही, नाकाला पदर लावून तिथूनच सांगत राहिली. "पाणी घाल. आणखी. चिमूटभर हळद घाल, ती तेवढी घालते बघ नेहमी." मी सवयीने मिठाची बरणी मागितली. आई म्हणाली, "मीठ कशाला? मीठ नाही, तिखट नाही, काही नाही. कुत्र्याचं आहे ना ते? डॉक्टरांनी सांगितलंय." एवढं बोलून ती आत गेली. मी पातेलं उतरवलं. राखाडी रंगाचे गोळे, वर पिवळट पाणी आणि उग्र वास. मी मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. मग त्यातला बोटभर गोळा उचलून मी तोंडात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. तो खालीही जाईना, वरही येईना. डोळे गच्च मिटल्याशिवाय तो गिळणं शक्यच नव्हतं.

"खातोय का गं तो?" आतून अप्पांनी विचारलं.